चोवीस सुऱ्या आणि चोवीस म्यानं: परत मागवलेल्या एका कामाची हकीकत

हे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. सुऱ्या घडवणारे लोहारभाऊ पस्तिशीचे. म्यानं शिवणारे चर्मकार काका साठीच्या पुढचे. ऑर्डर घेणं, हिशेब ठेवणं, कुरिअर करणं ही कामं माझ्याकडे. काम फसलं त्यात माझा वाटा मोठा होता, म्हणून लिहितानाही तो पुढे ठेवतो.

पार्श्वभूमी

लोहारभाऊंचा पिढीजात धंदा विळे, कुऱ्हाडी आणि वखराची पास घडवण्याचा. बाजारात तयार विळे स्वस्तात मिळू लागले तसं घरचं काम पेरणी आणि धानकापणीपुरतं उरलं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून हाती सुरी घडवायला ते मागच्या काही वर्षांत शिकले. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. नीट तापवून तेलात विझवलं आणि नंतर पुन्हा हलकं तापवून उतरवलं, की पातं कडक होतं आणि चिवटही राहतं. मूठ तिवसाची, तिला जवसाचं तेल. पातं चार इंची. बांबू सोलायला, दोर कापायला, शिबिरात भाजी चिरायला कामी येणारी सुरी.

कोणी मोठं पातं मागितलं तर आम्ही नाही म्हणतो. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा विषय वेगळा होतो. घरकाम आणि शेतीच्या अवजारांना त्यात सूट आहे, पण दहा इंची सुरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती शेतीसाठी हवी असते असं मला कधी वाटलं नाही.

फेब्रुवारीत नागपूरच्या एका निसर्गशिबिरवाल्या गटाकडून 24 सुऱ्यांची ऑर्डर आली. म्यानासकट दर सुरीला 1,800 रुपये, म्हणजे एकूण 43,200. निम्मे आगाऊ मिळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात माल द्यायचा होता. आमच्यासाठी ही तोवरची सर्वांत मोठी ऑर्डर होती.

काका जन्मभर चपला, बैलांच्या घुंगरमाळांच्या वाद्या आणि पट्टे शिवत आले. सुरीचं म्यान त्यांनी त्याआधी दोनदाच केलं होतं, तेही गावातल्या माणसासाठी. त्यांचा हात सरळ आणि शिवण एकसारखी. म्यानाचे त्यांना 150 रुपये ठरले, त्यातले सत्तर सामानात जायचे. हा आकडा मीच काढला होता. चपलेच्या मजुरीवरून काढला होता, म्यानाच्या कामावरून नाही.

निर्णय पहिला: काम दोघांत वाटून देणं

एप्रिल निम्मा सरला तेव्हा भाऊंच्या फक्त नऊ सुऱ्या तयार होत्या. सगळ्या सुऱ्या झाल्यावर म्यानं सुरू केली तर दहा-बारा दिवस उशीर झाला असता. म्हणून मी एक उपाय काढला. पहिल्या सुरीभोवती पेन्सिल फिरवून कागदावर आकृती काढली, पुठ्ठ्याचा साचा कापला आणि काकांना नेऊन दिला. भाऊ इकडे सुऱ्या घडवतील, काका तिकडे साच्यावरून म्यानं शिवतील, शेवटी जोड्या लावू.

काका तेव्हा एवढंच म्हणाले, "सुरी असती त बरं झालं असतं." मी म्हटलं, सगळ्या सारख्याच आहेत.

सारख्या नव्हत्या. हाताने घडवलेलं पातं साच्यातून निघत नाही. नंतर मोजलं तेव्हा रुंदीत चार मिलीमीटरपर्यंत फरक निघाला. मुठीच्या पोटाशी तर त्याहून जास्त.

कातडंही घाईत घेतलं. तालुक्याच्या दुकानातून चपलेच्या वरच्या पट्ट्यांसाठी मिळतं ते, दोन मिलीमीटर जाडीचं, मऊ, दिसायला छान. दुकानदार त्याला "पक्कं लेदर" म्हणाला. कातडं खरं होतं, त्यात फसवणूक नव्हती. पण ते कसं कमावलेलं आहे हे आम्ही विचारलं नाही.

मे महिन्यात काकांनी म्यानं शिवली, ओली करून ठोकून आकार दिला आणि टिनाच्या छपरावर वाळत टाकली. आमच्याकडे मे म्हणजे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दोन तासांत खणखणीत वाळली. जूनच्या 4 तारखेला माल गेला. पैसे पूर्ण मिळाले.

अडचण

जुलैच्या अखेरीस गटाच्या प्रमुख ताईंचा फोन आला. शिबिरातला एक मुलगा ओढ्याच्या काठाची दरड चढताना घसरून बसला. म्यानातल्या सुरीचं टोक शिवणीतून बाहेर आलं आणि पँट फाडून मांडीला लागलं. दोन टाके पडले. ताईंचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "दादा, बाकीच्यांची पण अशीच आहेत का?"

मी सगळ्यांना फोटो पाठवायला सांगितलं. नऊ जणांच्या पात्यावर गंजाचे ठिपके होते, बहुतेक धारेच्या कडेने एका ओळीत. पाच सुऱ्या म्यानात सैल होत्या, उलटं धरलं की घसरून पडायच्या. दोन म्यानांत सुरी इतकी घट्ट की काढताना दोन्ही हात लावावे लागत. आणि लागलेल्या मुलाच्या म्यानाची शिवण टोकाकडे दीड इंच कापली गेली होती.

ते म्यान घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, तोंड फाकवलं, अंगठा आत घातला आणि शिवणीवरून हळूहळू टोकापर्यंत नेला. मग धाग्याची तुटलेली टोकं चिमटीत धरून मला दाखवली. ती उसवलेली नव्हती, सपाट कापलेली होती.

"सुरी दरवेळा आत जातानी धागा कापत होती," ते म्हणाले. "चूक माही आहे. पण पातं माह्या हाती आलंच कुठं गा?"

मला उत्तर देता आलं नाही.

कारणांचा शोध

पुढचे दोन दिवस आम्ही तिघं काकांच्या पडवीत बसलो. परत आलेली पाच म्यानं उसवून पाहिली. कारण एकच निघालं असतं तर दुरुस्ती सोपी होती. चार निघाली, आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिलं, मधली पट्टी नव्हती. सुरीच्या म्यानात दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, कातड्याची एक अरुंद पट्टी घालून शिवतात. धार त्या पट्टीवर टेकते, धाग्यापर्यंत पोचत नाही. काकांनी आधी केलेली दोन म्यानं बोथट पात्याच्या सुऱ्यांसाठी होती, तिथे पट्टीवाचून चाललं. भाऊंच्या सुरीची धार कागद उभा चिरणारी.

दुसरं, साचा. तो वर सांगितलाच.

तिसरं, कातडं. काकांनी कातडं कापायच्या रापीने एक कड तिरकी कापली आणि मला आतला रंग दाखवला: मध्ये राखाडी-निळसर रेघ. मग घरातला जुन्या तळव्याचा एक तुकडा कापला, तो आरपार एकाच तपकिरी रंगाचा. काकूंनी चुलीवर एका डब्यात पाणी उकळलं आणि काकांनी दोन्ही तुकडे त्यात टाकले. मिनिटभरात तळव्याचा तुकडा आकसला, वळला, लाकडासारखा कडक झाला. दुकानातला तुकडा जसा टाकला तसाच मऊ बाहेर आला.

यावरून ओळख पटते. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं कातडं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, झाडाच्या सालीने कमावलेलं सत्तर-पंच्याऐंशी अंशांतच आकसतं. म्यानासाठी याचा अर्थ मोठा आहे. सालीचं कातडं ओलं करून सुरीभोवती दाबलं आणि वाळवलं की तो आकार धरून ठेवतं. सुरी आत जाते तेव्हा म्यान तिला पकडतं, वरून पट्ट्याची गरज उरत नाही. क्रोमचं कातडं आकार धरत नाही. ओलं असताना बसल्यासारखं दिसतं, महिनाभरात पुन्हा सैल. शिवाय क्रोमच्या कातड्यात क्षार उरलेले असतात आणि ते ओल धरून ठेवतात. आमचं पातं साध्या कार्बन पोलादाचं. गंजाला आडकाठी यायला पोलादात क्रोमियम दहा टक्क्यांच्या वर लागतं, कमानपाट्यात ते नावापुरतं.

पण गंजाचा सगळा दोष कातड्यावर टाकणं खोटं ठरेल. सालीचं कातडंही आम्लधर्मीच असतं. ओली सुरी कुठल्याही चामडी म्यानात आठवडाभर ठेवली तर गंजणारच. आणि चौथं कारण हेच: सुरी पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवा, म्यान फक्त वागवण्यासाठी आहे, हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या भागातला पावसाळा आणि शिबिरातली मुलं, म्हणजे सुरी दोन महिने म्यानातच राहिली.

टिनावरच्या वाळवणीने यात भर घातली. उन्हात झटपट वाळलेलं कातडं वरून कडक झालं आणि कडा वळल्या. दोन घट्ट म्यानं छपराच्या मधल्या भागातली होती, असं काकांना आठवलं.

निर्णय दुसरा: किती परत मागवायचं

इथे आमचा वाद झाला, आणि तो लिहिण्यासारखा आहे.

भाऊंचं म्हणणं: तक्रार ज्यांची, त्यांचं बदलून द्या. बाकीचे खूश आहेत, त्यांना कशाला घाबरवायचं? त्यांची अडचण मला कळत होती. ऑर्डरच्या पैशातून त्यांनी ग्राइंडर घेतला होता, हातात काही उरलं नव्हतं.

मी डळमळीत होतो. काका बोलले. "पट्टी कोणत्याच म्यानात नाही. ज्यानं तक्रार केली नाही त्याचा धागा अजून कापून झाला नाही, एवढंच." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. चोवीसच्या चोवीस परत मागवायचं ठरलं, सुरीसकट. सुरी यायलाच हवी, हा काकांचा आग्रह, आणि यावेळी तो मी खाली पडू दिला नाही.

खर्च कोणी सोसायचा हे त्याच बैठकीत ठरवलं. काका दुसऱ्यांदा केलेल्या कामाची मजुरी घ्यायला तयार नव्हते. आम्ही दोघांनी ते मान्य केलं नाही. साचा मी दिला, कातडं मी आणलं, दर मी पाडला. म्हाताऱ्या माणसाने आमच्या घाईचा भुर्दंड का भरावा? दर म्यानाला 200 रुपये मजुरी ठरली. माझी दहा टक्के दलाली, 4,320 रुपये, मी सोडली. उरलेलं भाऊंनी द्यायचं.

ताईंना मी फोनवर सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुदत सांगा. काकांनी पोळा होईपर्यंत जमणार नाही म्हणून सांगितलं होतं. पोळ्याआधीचे पंधरा दिवस त्यांच्याकडे वाद्या आणि घुंगरमाळांची गर्दी असते, वर्षातली ती कमाई सोडायला सांगणं बरोबर नव्हतं. मी दसऱ्याचा वायदा केला. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, त्याआधी प्रत्येकाची सुरी घरी पोचेल असं म्हटलं. तोवर सुरी म्यानात घालून कोणी कमरेला लावू नये, हेही सांगितलं.

समोरचे पर्याय

प्लास्टिकचं म्यान हा पहिला पर्याय होता. कायडेक्स नावाची पत्र्यासारखी शीट मिळते, तापवून सुरीभोवती दाबली की टक्क आवाज करत सुरी बसते. पाण्याला भीत नाही, पावसाळी जंगलासाठी खरं तर चांगलं. भाऊंना ते पसंत होतं. पण मग काकांचं काम संपलं असतं, आणि तिवसाच्या मुठीची सुरी प्लास्टिकमध्ये द्यायला माझं मन घेईना. हा भावनेचा निर्णय होता हे मान्य आहे. उद्या कोणी फक्त पाण्यातल्या कामासाठी सुरी मागितली तर मी त्याला प्लास्टिकचंच सुचवीन.

शहरातून तयार म्यानं आणण्याचा विचार पाच मिनिटांत सोडला. हाताने घडवलेल्या सुरीला तयार म्यान म्हणजे पुन्हा साच्याचीच गोष्ट.

गावातच कातडं कमावण्याचं काकांनी बोलून दाखवलं. बाभळीची साल आणि हिरडा आमच्या रानात भरपूर. काकांच्या वडिलांच्या काळी गावात कुंड होती. पण साल घालून कमवायला आठवडेच्या आठवडे लागतात, पाणी लागतं, वास सुटतो, सांडपाण्याचा प्रश्न येतो. आणि दुसरीही गोष्ट आहे, जी काकांनी मला नंतर एकटं असताना सांगितली. त्या कामापायी त्यांच्या वडिलांना पाणवठ्यावर ज्या नजरा झेलाव्या लागल्या, त्या त्यांना मुलाच्या वाट्याला नको होत्या. मुलगा चंद्रपूरला नोकरी करतो. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

उरला चौथा: सालीने कमावलेलं जाड कातडं बाहेरून आणणं. कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावण्याची परंपरा अजून चालू आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशी त्यात येत नाहीत, म्हणून आम्ही म्हशीचंच मागितलं. साडेतीन मिलीमीटर जाडी, पाठीचा भाग. पोटाकडचा भाग ताणतो, म्यानाला चालत नाही. व्यापाऱ्याने तुकडे द्यायला नकार दिला, अर्धं कातडं घ्यावं लागलं.

काय केलं

सुऱ्या येऊ लागल्या तसा मी प्रत्येकाला फोन केला. पत्ता विचारायचा होता, पण बोलता बोलता एकीने विचारलं, "डावखुऱ्यांसाठी करता का हो?" तिने जूनपासून म्यान उलट्या बाजूला लटकवून वापरलं होतं. मी पुन्हा सगळ्यांना फोन लावले. चोवीसात तीन जण डावखुरे निघाले. एक जण बहुतेक वेळ जीपमध्ये बसतो, त्याला पट्ट्याचा फास लांब हवा होता, म्हणजे सुरी खाली लटकते आणि बसताना मूठ बरगडीला टोचत नाही. ही माहिती फेब्रुवारीत एका प्रश्नात मिळाली असती.

पोळा झाला आणि काकांनी सहा सुऱ्या नमुन्यादाखल घेतल्या. मुलाला लागलेली सुरी सर्वांत आधी.

पद्धत अशी बसली. आधी सुरीची धार चिकटपट्टीने झाकायची. सुरी कागदावर ठेवून तिच्याच मापाने कापायचं, दर सुरीला नवा कागद. धारेच्या बाजूला मधली पट्टी, रुंदी एक सेंटीमीटर, टोकाकडे थोडी जास्त. तिची आतली कड रापीने तासून पात्याच्या वळणाला मिळवायची, म्हणजे टोक अडकत नाही. सोल्यूशन लावून तिन्ही थर जोडायचे, मग पाच मिलीमीटरच्या अंतराने खुणा आणि टोच्यासारख्या आरीने भोकं. शिवण दोन सुयांची: एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार. एक टाका तुटला तरी दुसरा धागा धरून ठेवतो, यंत्राच्या शिवणीसारखी सरसर उसवत नाही.

धाग्याच्या लांबीत काका पहिल्या दिवशी फसले. चपलेच्या सवयीने शिवणीच्या चौपट धागा घेतला, तो दोन-तृतीयांशावरच संपला. तीन थर मिळून जाडी सेंटीमीटरभर. प्रत्येक टाक्याला धागा पाच मिलीमीटर पुढे जातो आणि दहा मिलीमीटर आरपार, तेही दोन धागे. हिशेब सहापटीचा येतो, वर सुया ओढायला हातभर. काकांनी पडवीच्या खांबावर खिळ्याने दोन खुणा केल्या, धागा आता तिथेच मोजतात.

शिवल्यावर म्यान पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून ठेवायचं आणि वाट पाहायची. काळपट ओला रंग जाऊन मूळ रंग परतू लागला की कातडं आकार घ्यायला तयार. पात्याला एरंडेल चोळायचं, मूठ-पातं पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळायचं, आत सरकवायचं आणि अंगठ्यांनी, मग हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने मुठीच्या पोटाभोवती दाबत जायचं. पकड तिथेच बसते. पुढचे दोन दिवस सावलीत, वाऱ्याला. टिनाला हात लावायचा नाही.

आणि तरी नमुन्यात गडबड झालीच. काम सोपं पडावं म्हणून काकांनी ओली म्यानं भाऊंच्या भट्टीशेजारच्या फळीवर दाबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापैकी चारांवर काळे-निळे ठिपके फुललेले. काकूंना वाटलं बुरशी. काकांनी नखाने खरवडलं, निघेना. मग त्यांनी ग्राइंडरकडे पाहिलं. सालीच्या कातड्यातला तुरटपणा आणि लोखंड ओलसर अवस्थेत भेटले की काळा रंग होतो. फळीवरचा लोखंडाचा कीस ओल्या कातड्यावर बसला होता. लिंबाचा रस चोळून तीन म्यानं साफ निघाली. चौथ्यावर डाग राहिला. त्याच्या मालकाला मी फोटो पाठवून विचारलं, तो म्हणाला राहू द्या.

त्या दिवसापासून ओलं कातडं भट्टीच्या आवारात जात नाही. काका आधी हात साबणाने धुतात, सुरी स्वच्छ फडक्याने पुसतात, मगच कातडं भिजवतात.

शेवटची दोन कामं काकूंची. कडा काचेच्या तुकड्याने तासून, ओल्या करून लाकडी दांड्याने घासायच्या, तिन्ही थर एकच दिसेपर्यंत. मग मेण आणि एरंडेल एकत्र कोमट करून हलका हात. तेल जास्त झालं तर म्यान मऊ पडतं, म्हणून फडकं जवळपास कोरडंच. टोकाशी एक बारीक भोक, पाणी निथळायला.

निकाल

चोवीसपैकी बावीस सुऱ्या परत आल्या. एक हरवली होती. एकाने पाठवायला नकार दिला, त्याला मधल्या पट्टीचं कारण मी लेखी कळवलं. बावीस म्यानं खंडेनवमीच्या चार दिवस आधी रवाना झाली, सोबत मराठीत छापलेली एक चिठ्ठी: सुरी म्यानात साठवू नका, पुसा, तेल लावा, म्यान भिजलं तर सावलीत वाळवा.

खर्च असा: कातडं, धागा आणि मेण, नमुन्यांसह, 5,300. जाण्यायेण्याचं कुरिअर 2,600. मजुरी 4,400. एकूण 12,300. माझे 4,320 वजा जाता भाऊंवर 7,980 पडले. त्या दिवाळीत त्यांच्या घरी नवे कपडे आले नाहीत. हे मला त्यांनी सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं.

पुढचा पावसाळा गेला. दोन तक्रारी आल्या. एका म्यानाला बुरशी धरली, ते ओलंच बॅगेत राहिलं होतं. दुसरं जीपच्या काचेखाली उन्हात राहून आकसलं, ते काकांनी पुन्हा भिजवून बसवून दिलं. शिवण कोणाचीच कापली गेली नाही.

आता सुरी 1,750 आणि म्यान 650, असे दोन आकडे वेगळे लिहितो. म्यानातले 190 कातड्याचे, 50 धागा-मेण-सोल्यूशनचे, 30 बांधणीचे आणि 380 काकांचे. दर वाढल्यावर ऑर्डर कमी झाल्या, महिन्याला तीन-चार. एका म्यानाला काकांचे चार तास जातात, तेवढ्याच ऑर्डर नीट होतात. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आणि चर्मकार दोन्ही धंदे आहेत. दोघांनी नोंदणी केली आहे, अवजारांसाठीच्या 15,000 रुपयांतून काकांना नवा आऱ्यांचा संच आणि जाड कातडं कापायचं पातं घ्यायचं आहे.

पुन्हा वेळ आली तर

मुदत पाळण्यासाठी काम तोडून वाटणार नाही. एप्रिलमध्येच ताईंना बारा दिवस उशीर होईल असं सांगितलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

मजुरी कारागिराला विचारून ठरवीन. 150 रुपयांत काकांनी मधली पट्टी घातली नाही, यात माहितीचा अभाव होता तसा दराचाही होता. पट्टी म्हणजे जास्तीचं कातडं, जास्तीचा तास. त्या दरात तो तास बसत नव्हता.

एक म्यान आधी करून, त्यात सुरी शंभरदा घालून-काढून पाहीन. आता भाऊ हे करतात, संध्याकाळी भट्टी विझली की. शंभर झाल्यावर काका अंगठा आत घालून शिवण चाचपतात.

आणि भाऊंच्या बाजूनेही एक बदल व्हायला हवा होता, तो आता झाला. मुठीच्या पुढच्या टोकाशी ते किंचित फुगवटा ठेवतात. म्यानाला धरायला तिथे जागा मिळते. हे काकांनी सुचवलं. दोघं पहिल्यापासून एका जागी बसले असते तर पहिल्याच सुरीत झालं असतं.

अर्ध्या कातड्यातून आता आठ-नऊ म्यानांपुरतं कातडं उरलं आहे. पुढच्या वेळी पूर्ण घ्यावं की अर्धं, यावर अजून ठरलेलं नाही. काकांचे डोळे अधू होत चालले आहेत आणि संध्याकाळनंतर आरीचं भोक त्यांना दिसत नाही. काकू आता भोकं पाडायला शिकल्या आहेत. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्या पडवीत बसून टाकाऊ पट्टीवर पाच-पाच मिलीमीटरवर आरी टोचत होत्या, आणि काका शेजारी बसून भोकं बोटाने मोजत होते.